डावं पेडल

हे बघा, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. जन्म गेला माझा जुने पियानो दुरुस्त करण्यात. ज्याच्या घरी जुना पियानो असतो त्याच्याकडे एक गोष्ट हमखास असते, की हा कधीकधी आपोआप वाजतो. मी जातो, झाकण उघडतो, आत उंदीर निघतो. ओल, कसर आणि उंदीर, या तिघांपलीकडे मला पियानोत आजवर कोणी भेटलं नव्हतं. म्हणून सांगतोय ते नीट ऐका, आणि मधेमधे हसू नका.

काम साधं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. ते इतक्या जोरात बोलले की बायको आतून हात पुसत बाहेर आली, कोण भांडतंय म्हणून. भांडत नव्हते बिचारे, त्यांना ऐकू येत नव्हतं. मी "कुठं राहता?" विचारलं, त्यांनी "हो, काळाच आहे" असं उत्तर दिलं. शेवटी पत्ता कसाबसा मिळाला.

अरुंद, दुमजली घर होतं. खाली पुढच्या खोलीत पियानो, तीन पायांचा, आडवा, खोलीभर पसरलेला. कोपऱ्यातून लाकडी जिना वर जात होता, आणि वरच्या एकुलत्या एका खोलीत, बरोबर पियानोच्या डोक्यावर, काकांची खाट. मी त्यांना पहिल्यापासून काकाच म्हणायला लागलो. माणूस उंच, वाकलेला, दाढी रोज करणारा. घरात एकटे. काकू गेल्याला वर्ष होत आलं होतं.

"रविवारी मुलगी येतेय माझी," काका ओरडून म्हणाले. आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसलो होतो. "तिची आई वाजवायची ती धून वाजवणार आहे. मला ऐकायचीय. मोठ्यानं. डावा कान गेला, उजवा चाललाय. डॉक्टर म्हणाला, काय ऐकायचंय ते आत्ताच ऐकून घ्या."

"होईल काका!" मीही ओरडलो.

"एकदाच. पण नीट ऐकू आली पाहिजे."

मी मान डोलावली. डोलावायला ओरडावं लागत नाही.

पियानोचा पुढचा भाग सोडवला, पट्ट्यांच्या दोन्ही टोकांचे लाकडी ठोकळे काढले आणि आतला सांगाडा ड्रॉवरसारखा बाहेर ओढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. पट्ट्या पुढे, आणि मागे हातोड्यांची लांबच लांब रांग. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. कोणीतरी कसर लागू नये म्हणून आत ठेवल्या होत्या, त्यांच्या आता रिकाम्या पुड्याच उरल्या होत्या. हातोड्या वाईट अवस्थेत होत्या. काही लटपटत होत्या, काही शेजारणीला घासत होत्या. पण मी बघत राहिलो ते त्यांच्या तोंडाकडे.

आता हे जरा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पियानोत एका सुराला तीन तारा असतात, शेजारीशेजारी. हातोडी तिन्हींवर एकदम आपटते. तिच्या तोंडाला दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा असतो, त्याला तारांचे चर पडत जातात. तीन चर, मधोमध. डावं पेडल दाबलं की अख्खा सांगाडा, पट्ट्या आणि हातोड्यांसकट, जरासा उजवीकडे सरकतो. मग हातोडी दोनच तारांवर बसते आणि आवाज मऊ निघतो. कोणाला त्रास होऊ नये असं वाजवायचं असलं की ते पेडल.

या हातोड्यांना चर दोनदोनच होते, आणि तेही डावीकडे सरकलेले. एकूणएक. म्हणजे हा पियानो जितका म्हणून वाजला होता, तितका डावं पेडल दाबूनच. मी खाली वाकून पेडलं पाहिली. उजवं नव्यासारखं. डाव्याचं पितळ झिजून मधे खोलगट झालं होतं, पायरी झिजते तसं.

"काका, काकू कायम हळूच वाजवायच्या का?"

त्यांना तीनदा विचारावं लागलं. कळल्यावर ते खुर्चीत बसले, आणि पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात बोलले.

"मी छापखान्यात होतो. वर्तमानपत्राच्या. कायम रात्रपाळी. दिवसा झोपायचो. लग्न झालं तेव्हा नवी नवी असताना तिनं एकदा दुपारी मोठ्यानं वाजवलं. मी तसाच खाली आलो आणि ओरडलो तिच्यावर. एकदाच हो. परत ओरडावं लागलं नाही. परत मला जागच आली नाही." ते हातोड्यांकडे बघत राहिले. "रोज वाजवायची म्हणे. शेजारचे सांगायचे, काय छान वाजवतात. मी आयुष्यभर मशिनचा खडखडाट ऐकला आणि बायकोचं वाजवणं नाही ऐकलं. आहे की नाही कमाल?"

मी स्क्रू शोधायला लागलो. मला वाईट वाटलं की मी स्क्रू शोधतो.

दुपारी काका वर झोपायला गेले. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. मी कामाला लागलो. नमदा तासून चर घालवले. ढिल्या झालेल्या बारीक खिळ्या बदलल्या. हातोडी तिरकी उठत असेल तर तिच्या बुडाखाली एका बाजूला कागदाची बारीक चिंधी चिकटवायची, वाकडी असेल तर तिची दांडी स्पिरिटच्या दिव्यावर शेकून हलकेच पिळायची. मग सांगाडा आत सरकवायचा, विजेरी धरून प्रत्येक हातोडी आपल्या तीन तारांखाली बरोबर येते का बघायचं, नसेल तर सैल करून केसभर हलवायची. कंटाळवाणं काम. मला आवडतं.

घरात एकदम शांतता होती. वरून खाटेची एक करकर आली, मग तीही थांबली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी पकड खाली ठेवतोय तीसुद्धा आवाज न करता. फडक्यावर. खोकला आला तो मी दाबला. वरती झोपलेल्या माणसाला तोफ डागली तरी कळलं नसतं, तरी मी चवड्यांवर चालत होतो. म्हटलं, चला, वयोमानानं शहाणपण आलं.

सगळ्या हातोड्या जागेवर बसल्या. दोन्ही हातांनी वाजवून पाहिलं. सूर असा भरून आला की खिडकीची काच थरथरली. मी स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी काका जिना उतरून आले, समोर बसले, उजवा कान पुढे केला. मी वाजवलं.

आवाज निघाला तो पोकळ, किरकिरा. मधेच शेजारच्या सुराची तार चाटल्याचा खर्र आवाज. मी परत वाजवलं. तेच.

काकांचा चेहरा पडला. "एवढाच येतो?" ते म्हणाले. "म्हणजे कान गेलेच म्हणायचे."

"कान नाही काका! माझ्या कामात गडबड आहे!"

"राहू दे. तू कशाला उगाच..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विजेरी घेऊन आत पाहिलं तर सगळ्या हातोड्या डावीकडे सरकलेल्या. एखाददुसरी चुकली असती तर म्हटलं असतं, डोळे थकले. पण एकजात सगळ्या, सारख्याच अंतरानं. याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच होतो. मी त्या तारांखाली बसवल्या तेव्हा अख्खा सांगाडा उजवीकडे सरकलेला होता. डावं पेडल दाबलेलं होतं.

आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी टपली मारून शिकवलेला धडा हा. डावं पेडल सुटंय का ते आधी बघ, मग हातोडीला हात लाव. आणि मी बघितलं होतं. सुटंच होतं. मी उभा होतो, वाकून, माझे पाय पेडलापासून हातभर लांब.

घरी गेल्यावर बायको म्हणाली, "म्हातारे झालात आता. कबूल करा." मी कबूल केलं. तेच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पेडलाखाली लाकडाचा ठोकळा ठोकून बसवला. आता हत्ती उभा राहिला असता तरी ते खाली गेलं नसतं. काका दुपारी वर गेले. खाट करकरली. मी डाव्या टोकाच्या हातोड्यांपासून सुरुवात केली. चार-पाच झाल्या असतील, पुढची बघायला विजेरी धरली, तर ती माझ्या डोळ्यांदेखत हळूच उजवीकडे सरकली. एकटी नाही, सगळी रांग. जसं कोणी बाकावर सरकून जागा करून देतं.

मी खाली वाकलो. ठोकळा बाजूला पडला होता, भिंतीशी. पेडल खाली होतं.

आता पेडल अडकतं. गंजतं, स्प्रिंग तुटते. अडकलेलं पेडल मला झोपेतही ओळखता येतं, ते दगडासारखं घट्ट असतं. मी खालून बोटांनी वर ढकललं. ते जरासं वर आलं, आणि परत खाली गेलं. परत ढकललं, परत तसंच. ते अडकलेलं नव्हतं. कोणाच्या पायाखाली असतं तसं होतं. आणि पितळ कोमट लागलं...

मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो. उठायचं सुचेना. समोर वाजवायचं स्टूल होतं, रिकामं. त्याच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि बघत राहिलो.

वर खाट करकरली. काकांचा खोकला ऐकू आला. आणि माझ्या बोटांवरचं पेडल सुटलं, झटकन वर आलं. हातोड्यांची रांग डावीकडे सरकली.

मी हात धुतले, पाणी प्यायलो. पळून जायचं मनात आलं नाही असं नाही. पण रविवार जवळ आला होता, आणि त्या माणसाचा चेहरा मी आदल्या संध्याकाळी पाहिला होता. काका जागे असले की पेडल सुटतं आणि झोपले की दाबलं जातं, एवढं मला कळलं होतं. का आणि कोण, ते मी विचारलं नाही. कारागिरानं कामापुरतं कळून घ्यावं.

मी वर जाऊन त्यांना हलवलं. "काका! आज खाली बसा माझ्याजवळ! सोबत हवीय मला!"

"तुला? सोबत?"

"एकट्यानं कंटाळा येतो!"

म्हातारा खूश झाला. खाली येऊन आरामखुर्चीत बसला आणि छापखान्याच्या गोष्टी सांगायला लागला. मी भराभर हातोड्या लावत होतो. पण वर्षानुवर्षांची सवय ती. दुपार कलली की बोलता बोलता मान खाली. मान खाली गेली की इकडे हातोड्या उजवीकडे.

"काका!!"

"आँ? काय झालं?"

"काही नाही! मग त्या फोरमनचं काय झालं?"

फोरमनचं पुढे चालू. हातोड्या परत जागेवर. थोड्या वेळानं परत मान खाली. मी परत बोंब मारली. शेजारची बाई खिडकीतून डोकावून गेली, म्हाताऱ्याला कोण छळतंय बघायला. मी चहा केला, दोनदा केला, त्यांना विजेरी धरायला लावली. एकदा तर त्यांचा डोळा लागलेला असताना मी पेडलाकडे पाहून अगदी हळू म्हटलं, "काकू, थोडा वेळ सोडा. त्यांच्यासाठीच करतोय." पेडल तसंच राहिलं. काका जागे झाले तेव्हाच सुटलं.

"या खोलीत मला झोप फार छान लागते," काका डोळे चोळत म्हणाले. "कोणीतरी दार ओढून घेतं ना बाहेरून, अगदी जपून, तसं वाटतं."

मी मान खाली घालून शेवटची हातोडी घट्ट केली.

रविवारी ताई आली. काकांची मुलगी, चाळिशीची, वडिलांसारखीच उंच, हसरी. मीही गेलो होतो, ऐनवेळी काही सुटलं-निसटलं तर हाताशी असावं म्हणून. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "डाव्या पेडलावर पाय ठेवू नका."

"मी नाहीच ठेवत कधी," ती म्हणाली. "आईनं मला त्याला पायच लावू दिला नाही. म्हणायची, तू मोकळं वाजव, बाबा बाहेर गेले की वाजव. स्वतः मात्र..." तिनं वाक्य सोडून दिलं.

आरामखुर्ची पियानोला अगदी खेटून ठेवली. काकांनी उजवा कान लाकडाला लावला, एक हात झाकणावर ठेवला. ताईनं वाजवायला घेतलं.

साधी धून होती हो. फार काही अवघड नाही. पण पियानो असा बोलला की माझ्या अंगावर काटा आला, चांगला काटा. तिन्ही तारा, एकूणएक हातोडी, घर भरून गेलं. काकांचे डोळे भरले. ताई थांबल्यावर ते म्हणाले, "एवढा आवाज होता याला?" मग म्हणाले, "हेच वाजवायची ती? माझ्या डोक्याखाली? रोज?"

"हो बाबा."

"आणि मी झोपलेला." ते हसले, आणि हसता हसता रडले. ताईनं त्यांचे डोळे आपल्या पदरानं पुसले. मी खिडकीबाहेर बघत होतो, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"परत वाजव," काका म्हणाले.

ती परत वाजवायला लागली. काकांनी मान मागे टेकली, डोळे मिटले. चेहरा इतका निवांत की मलाच बरं वाटलं. पहिली ओळ संपत आली आणि आवाज मऊ झाला.

ताईनं वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं काहीतरी बिघडलं. मी खाली पाहिलं. तिचा डावा पाय स्टुलाच्या मागे होता, आणि डावं पेडल खाली गेलेलं. मी तिला खुणेनं सांगितलं, चालू दे. काकांकडे बोट दाखवून गालाखाली हात धरला, डोळा लागलाय म्हणून. ती हसली आणि वाजवत राहिली. आता मला भीतीही वाटत नव्हती, खरं सांगतो. झोपलाय माणूस, त्याला जपतंय कोणी. जपू दे.

धून अर्ध्यावर आली. मी पेडलाकडेच बघत होतो. ते वर यायला लागलं. एरवी काका जागे झाले की ते झटकन सुटायचं. आता सावकाश वर आलं, कोणी पाय काढून घ्यावा, उठावं, तसं. हातोड्या सरकल्या आणि तिन्ही तारा एकदम मोकळ्या झाल्या. पुढचा सूर असा दणदणीत निघाला की ताई दचकली.

"उठलात, बाबा?" तिनं हसत मागे वळून विचारलं.

काका उठले नव्हते. त्यांची मान तशीच मागे टेकलेली होती, हात झाकणावर. पण आता कितीही मोठ्यानं वाजवलं असतं तरी त्यांची झोप मोडणार नव्हती. तिचा चेहरा बदलला, आणि मी उठून तिच्याजवळ गेलो.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती चांगली गोष्ट म्हणून सांगितली असती. घर रिकामं झालं, पियानो ताईनं आपल्या घरी नेला. तिचंही घर दुमजली. मीच जाऊन तो लावून दिला, पेडलं तपासली, सगळं झकास होतं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. डावं पेडल अडकतंय म्हणाली. सकाळी ठीक असतं, दुपारी खाली जातं, ते संध्याकाळपर्यंत वर येत नाही. मी दुपारीच गेलो. नवरा कामावर, मुलं शाळेत, घरात ती एकटीच. मी पियानोपाशी गुडघ्यांवर बसलो. पेडल खाली होतं. बोटांनी वर ढकललं, जरासं आलं, परत खाली गेलं.

"वर कोण झोपलंय?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"वरच्या खोलीत काय आहे?"

"काही नाही हो. बाबांची खाट आणलीय ना, तीच ठेवलीय. टाकवेना." मग ती थांबली. "का?"

आम्ही दोघंही छताकडे बघत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी आल्यापासून आम्ही दोघं कुजबुजतच बोलतोय.

वर खाट करकरली.

"काढता का ते पेडल?" तिनं अगदी हळू विचारलं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

मी हत्यारं एकेक करून फडक्यात गुंडाळली. चपला हातात घेतल्या. आम्ही चवड्यांवर बाहेर आलो आणि ताईनं आवाज न करता दार ओढून घेतलं.